विश्लेषण : सिमेंटच्या खेळपट्टीवर बॅटचे टोक का फुटते?

बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला. तिथे खेळपट्टी मातीची. मात्र बारामती-इंदापूरच्या गावांतली मुले अनेकदा सिमेंटच्या पट्टीवर सराव करतात. या सरावाची पहिली किंमत मोजते ती बॅट.

सिमेंटच का?

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मातीच्या खेळपट्टीला पाणी, रोलर आणि रोजची देखभाल लागते. सिमेंटची पट्टी एकदा घातली की वर्षानुवर्षे चालते.

टोकच का फुटते?

विलोच्या लाकडाचे तंतू उभे असतात आणि त्यांची टोके बॅटच्या तळाशी उघडी पडतात. चेंडूची वाट पाहताना फलंदाज बॅट सतत आपटतो. माती थोडी दबते, सिमेंट दबत नाही. यॉर्करला तर टोक जमीन आणि सुमारे १६० ग्रॅमच्या लेदर चेंडूच्या कात्रीत सापडते. तंतू सुटतात, मग ओल तिथूनच वर चढते. टोक फुगते आणि चीर जाते.

मॅट अंथरली तर?

काथ्याच्या मॅटने आदळणे सौम्य होते, घासणे थांबत नाही.

उन्हाचा काय संबंध?

पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेली बॅट सुकते. सुकलेले लाकूड ठिसूळ होते आणि तेवढ्याच फटक्याला तडकते.

काय करावे?

- टोकाला रबरी टो गार्ड चिकटवावा. क्रिकेटच्या नियमांनुसार त्याची जाडी ३ मिलिमीटरपर्यंत चालते.
- स्टान्स घेताना बॅट बुटाशेजारी किंचित उचलून धरावी.
- सिमेंटवर जुनी बॅट वापरावी, चांगली बॅट सामन्यासाठी राखावी.
- नव्या बॅटला जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात द्यावा. बॅट तेलात उभी करू नये. टोक तेल शोषून जड होते.
- लाकडी हातोडीने बॅट ठोकून घ्यावी, मात्र टोकावर सरळ घाव घालू नये.
- ओल्या पट्टीवर खेळल्यास टोक पुसून बॅट सावलीत आडवी सुकवावी.

चीर दिसल्यास?

बारीक चीर लाकडाच्या गोंदाने भरून टेपने बांधता येते. चीर वर सरकत असेल तर खेळ थांबवून बॅट दुरुस्तीला द्यावी. अनेक संघांत एकच चांगली बॅट सगळे वापरतात. तिथे एका बॅटची चीर म्हणजे अकरा जणांचा सराव बंद.