प्रिंटर स्वस्त, शाई महाग

जून महिना उजाडला की प्रवेशाचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती आणि मुलांचे प्रकल्प यांची घरोघरी एकच धांदल उडते. दोन पाने छापून आणावयाची म्हणजे तालुक्याच्या गावी खेप, बसभाडे आणि अर्ध्या दिवसाचा खोळंबा. अशा वेळी घरात एक लहानसा इंकजेट प्रिंटर असावा असे कोणाही कुटुंबाला वाटणे साहजिक आहे. परंतु दुकानात जो सर्वांत स्वस्त दिसेल तोच उचलण्याचा मोह होतो, आणि फसगतीला तेथूनच आरंभ होतो.

जपानातील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सोल्डरिंगची तापलेली सळई चुकून शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली व टोकातून शाई उसळली. क्षणभराच्या उष्णतेने बुडबुडा उत्पन्न करून शाईचा थेंब कागदावर फेकण्याची युक्ती त्यातून सुचली. १९८८ साली अमेरिकेत एचपी कंपनीचा डेस्कजेट निघाला, तेव्हा त्याची किंमत ९९५ डॉलर होती. आज त्याच जातीचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. विज्ञानाची प्रगती हे त्याचे एक कारण होय. पण कंपन्यांनी आपला नफा यंत्रावरून शाईवर नेऊन ठेवला, हे दुसरे कारण दुकानदार क्वचितच सांगतो.

म्हणून यंत्राची किंमत विचारण्याबरोबरच एका पानाची किंमत काढावी. समजा, एक कार्ट्रिज ८०० रुपयांचे असून त्यात ४०० पाने निघतात. म्हणजे पानाला २ रुपये पडले. उलट टाकीच्या प्रिंटरची शाईची बाटली ४०० रुपयांना मिळते व ४,००० पाने छापते असे धरले, तर पानाला १० पैसेच पडतात. एवढे ऐकून कोणीही टाकीचाच प्रिंटर घ्यावा असे म्हणेल. मात्र थांबा. टाकीचा प्रिंटर समजा ६,००० रुपयांनी महाग आहे. ही रक्कम भरून निघण्यास सुमारे ३,१५० पाने छापावी लागतील. महिन्याला १०० पाने छापणाऱ्या घरी ती अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल होईल. महिन्याला १० पाने छापणाऱ्या घरी तिला २६ वर्षे लागतील! तितके आयुष्य कोणत्या प्रिंटरला लाभते?

थोडे छापणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. शाई सोडणारी छिद्रे केसाहूनही बारीक असतात आणि यंत्र पडून राहिले की ती वाळून बुजतात. पुष्कळशा स्वस्त प्रिंटरांत ही छिद्रे कार्ट्रिजलाच जोडलेली असतात. त्यामुळे नवे कार्ट्रिज बसविले की छिद्रेही नवी होतात. क्वचित छापणाऱ्या घराला हा मोठाच आधार आहे. ज्यांना केवळ काळी अक्षरे हवीत आणि महिनोन्‌महिने यंत्राला हात लागणार नाही, त्यांनी इंकजेटच्या नादी न लागता लेसर प्रिंटरची चौकशी करावी. त्यातील भुकटी वाळत नाही.

घरात संगणक नसेल तर वायफायची सोय असलेलाच प्रिंटर घ्यावा, म्हणजे मोबाइलवरून छापता येते. अगदी स्वस्त यंत्रांत पुष्कळदा नुसती केबल असते. शिधापत्रिका, आधार यांच्या प्रतींसाठी स्कॅनर असणे फार उपयोगी, त्याकरिता थोडे अधिक पैसे द्यावेत. मात्र जागा मोजताना पेटीवर छापलेल्या मापावर विसंबू नये. ते बहुधा बंद यंत्राचे असते. कागदाचे तबक उघडले आणि स्कॅनरचे झाकण वर केले की कपाटाचा कप्पा अपुरा पडतो.

आपल्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो छिद्रांवर रबरी टोपी बसवितो, आणि एकदम वीज तोडली की ती कधी कधी उघडीच राहतात. छपाई चालू असता वीज गेली तर ती आल्यावर यंत्र पुन्हा चालू करून रीतसर बंद करावे. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे. छिद्रे बुजल्यावर यंत्राकडून साफसफाई करवून घेण्यात त्याहून अधिक शाई खर्ची पडते. टाकीचा प्रिंटर दुसऱ्या खोलीत नेताना तो अगदी सपाट धरावा, तिरपा झाला तर आतल्या आत शाई सांडते.