हाली, कलदार आणि हद्दीपलीकडची कमाई

नांदेड आणि लातूरचा मुलूख ज्या काळी निजामाच्या राज्यात मोडत होता, त्या काळी येथून सोलापूरच्या गिरण्यांत किंवा बार्शीच्या पेठेत पोट भरावयास गेलेल्या माणसाला, घाम एका राजवटीत गाळावयाचा आणि संसार दुसऱ्या राजवटीत चालवावयाचा, हा पेच दर महिन्याला सोडवावा लागे. लातूरहून निघालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी त्याला मोगलाईतून इंग्रजी हद्दीत सहज नेऊन सोडी. त्याच्या पैशाला मात्र परत येताना पुष्कळ हिशेब द्यावा लागे.

निजाम सरकार स्वतःचा रुपया पाडीत असे, त्याला हाली म्हणत. इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कलदार सुमारे 11.66 ग्रॅम वजनाचा आणि शेकडा जवळजवळ 92 भाग चांदीचा होता, तर उस्मानिया हाली सुमारे 11.18 ग्रॅमचा आणि शेकडा 82 भाग चांदीचा. शुद्ध चांदीचा हिशेब मांडला, तर सहा कलदारांत जितकी चांदी, जवळपास तितकीच सात हालींत भरते, आणि सरकारी दफ्तरातील भावही तोच होता : शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. म्हणजे गिरणीत महिना 30 कलदार मिळविणाऱ्या कामगाराचे गावी 35 हाली व्हावयास हवेत. परंतु बाजारातला भाव मागणीप्रमाणे खालीवर होई, सराफ आपला बट्टा कापून घेई, आणि शेतसारा तर तहसिलीत हालीतच भरावा लागे. सोलापुरात घेतलेले कापड व्यापारासाठी हद्दीत आणले, तर करोडगिरीचा नाका होताच. 1802 च्या तहाने या जकातीची मर्यादा शेकडा पाच ठरविलेली होती. त्यातच निजामाच्या दफ्तरात फसली सन चाले, त्याचा आरंभ ऑक्टोबरात, आजूर महिन्याने. पलीकडे पगार इंग्रजी महिन्याचा. म्हणून जाणता कारकून कर्जरोख्यात नुसते ‘रुपये’ लिहून थांबत नसे. रक्कम हाली की कलदार आणि मुदत कोणत्या सनाची, हे स्पष्ट नोंदवी. निरक्षर कुळाचे या दोन शब्दांनी केवढे संरक्षण केले असेल, याची कल्पना आज करवत नाही.

या सर्व व्यवस्थेत मला सर्वांत कठोर वाटतो तो 1947 च्या अखेरचा वटहुकूम. भारताशी ‘जैसे थे’ करार होऊन थोडेच दिवस लोटले होते, तोच निजामाच्या हैदराबाद सरकारने भारतीय चलन आपल्या राज्यात व्यवहाराबाहेर ठरविले. राजकारणाच्या इतिहासात त्याची नोंद दोन सरकारांमधील तंट्यात होते. परंतु प्रामाणिकपणे मिळविलेले कलदार घेऊन गावी परतणाऱ्या मजुराला, आपली मजुरी आपल्याच बाजारात चालत नाही, हे ऐकावे लागले असेल, त्याचा विचार क्वचितच कोणी करतो. विलीनीकरणानंतर 26 जानेवारी 1950 पासून भारतीय रुपया येथे विधिग्राह्य झाला, त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून भारतीय आयकर कायदा लागू झाला, आणि 1959 पर्यंत हाली सर्वस्वी अस्तंगत झाला.

धर्माबादहून निजामाबादेस किंवा उदगीरहून बीदरला नोकरीस जाणाऱ्याला आज राज्याची सीमा फारशी जाचत नाही : आयकर देशभर एकच, व्यवसाय कर तेवढा नोकरीच्या राज्याचा. खरी हद्द आता आखाती देशांची. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. पण आपल्याकडे कर लागेल की नाही, हे त्या माणसाच्या भारतातील वास्तव्याच्या दिवसांवर ठरते, आणि हे दिवस करारनाम्याच्या तारखेपासून नव्हे, 1 एप्रिल ते 31 मार्च या आर्थिक वर्षात मोजले जातात. नोकरीसाठी प्रथमच देश सोडणारा मनुष्य 182 दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः सप्टेंबर सरण्याआधी निघाला, तर त्या वर्षी तो अनिवासी ठरतो; ऑक्टोबरात निघाला, तर निवासीच राहतो आणि परदेशातील उरलेल्या महिन्यांचा पगारही येथील करपात्र उत्पन्नात धरला जातो. तिकीट काढून देणारा मुकादम ही गोष्ट सांगत नाही. ती घरच्यांनीच आधी विचारून घ्यावयास हवी.

अनिवासी झाल्यावर गावातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासी सामान्य) करावे लागते, आणि परदेशातील कमाईसाठी एनआरई (अनिवासी बाह्य) खाते उघडता येते. एनआरई खात्यावरील व्याज येथे करमुक्त आहे; एनआरओवरील व्याजातून मात्र बँक शेकडा 30 आणि वर उपकर कापून घेते. शेतीच्या उत्पन्नाची आणि घरभाड्याची रक्कम एनआरओत ठेवावी. हुंडीने पैसे पाठविणे भाव चांगला दिसला तरी 1999 च्या परकीय चलन कायद्याविरुद्ध आहे, आणि पैसे बुडाले तर फिर्याद कोठे करावयाची, हा प्रश्नच उरतो. बँकेने पाठविण्याचे शुल्क माफ केले असले, तरी दिरहमाचा भाव त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा, कारण बट्टा आता भावातच मिसळलेला असतो. पासपोर्टवरील येण्याजाण्याचे शिक्के, करारनामा आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात. आयकर खात्याने पुढे विचारणा केली, तर वास्तव्याचे दिवस याच कागदांवरून सिद्ध करावे लागतात.