अंगणातला गोंधळ

महाराष्ट्रातील ज्या कुळांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी अथवा माहूरची रेणुका आहे, त्या घरी विवाह किंवा मौंज पार पडली, पाहुणेमंडळी पांगू लागली आणि आचाऱ्यांनी आपली भांडी आवरली, तरी कार्य सिद्धीस गेले असे वडीलधारी माणसे मानीत नाहीत. एके रात्री गोंधळ्यांचा संच अंगणात उभा राहील, दिवटी पाजळेल आणि देवीच्या नावाचा उदोकार होईल, तेव्हाच कुळाचार पुरा झाला असे ती समजतात. चारपाच माणसांचा हा संच बहुधा एकाच घरातला असतो: बाप, चुलता, पुतण्या, एखादा मेहुणा. त्यांना नाट्यगृह नाही, व्यवस्थापक नाही, जाहिरात नाही; एका अंगणातले गाणे ऐकून दुसऱ्या घरचा यजमान सुपारी देतो, आणि त्या सुपारीवरच त्यांचा संसार चालतो.

संचाचा म्होरक्या तो नाईक. निरूपण त्याचे, गाण्याची उचल त्याची. अंगात पायघोळ झगा, डोक्यास पागोटे, कपाळी कुंकवाचा मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायांत घुंगरू असा त्याचा वेष असतो. त्याच्या मागे कमरेला संबळ बांधून एक जण उभा असतो. संबळ म्हणजे लहानमोठ्या दोन वाद्यांची जोडी. ती दोन काठ्यांनी वाजवतात, आणि त्यांतील एका काठीचे टोक वाकवलेले असते. तुणतुण्याला एकच तार असते, परंतु रात्रभर सुराचा आधार तीच देते. झांज लय धरते, आणि झिलकरी नाईकाच्या ओळीचे शेपूट उचलून ती पुढे नेतात.

प्रथम चौक मांडतात. पाटावर किंवा भुईवर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याची रास, तिच्यावर कलश, त्यावर विड्याची पाने व नारळ, आणि सभोवार उसाची किंवा जोंधळ्याची पाच ताटे उभी करून वर बांधलेली, अशी ही देवीची तात्पुरती राजधानी असते. मग पूर्वरंगात गणाचे स्तवन होते आणि आवाहनाला आरंभ होतो. जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, कोल्हापूरची अंबाबाई, अशी एकेका क्षेत्राची दैवते नावाने हाका मारून बोलावली जातात, आणि जाणता नाईक त्या यादीत यजमानाच्या गावच्या वेशीवरची देवता, शेतातला म्हसोबा, मूळ गाव सोडून आलेल्या कुळाचे जुने ठाणे, यांतले काहीही विसरत नाही. आपल्या म्हसोबाचे नाव तुळजापूरच्या भवानीच्या बरोबरीने घेतलेले ऐकून माजघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या म्हातारीचा चेहरा कसा उजळतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला या लहानशा प्रयोगाचे मर्म निराळे सांगावयास नको.

उत्तररंगात आख्यान लागते. नाईक कथा सांगतो आणि जोडीदार मध्येमध्ये अडाण्याची भूमिका घेऊन त्याला प्रश्न करतो. पुराणातील राजा त्या प्रश्नांमुळे पाटलाच्या चावडीवर येऊन बसतो आणि द्रौपदी शेजारच्या घरची सून होते. जांभूळ आख्यान हे यांतले फार प्रसिद्ध. कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात उपजलेल्या अभिलाषेची ही कथा व्यासांच्या ग्रंथात सापडावयाची नाही, ती लोकमानसाने रचलेली आहे. नव्या सुनेच्या स्वागतासाठी जमलेल्या अंगणात स्त्रीच्या मनातील इतकी नाजूक गोष्ट देवीच्या साक्षीने उघड बोलली जाते, यात आपल्या समाजाचे केवढे शहाणपण आहे! श्रोते हाताच्या अंतरावर असतात. कोणाचे मूल रडते, कोणी पेंगतो, कोणी उठून जातो, आणि हे सारे पाहत नाईक एखादे पद लांबवतो, एखादा प्रसंग आटोपता घेतो, किंवा नवरदेवाच्या मामाचे नाव कथेत गुंफून सारी सभा जागी करतो. ही विद्या तालमीत येत नाही. ती अशा अंगणांतच, वडिलांच्या मागे झील धरून उभे राहिलेल्या मुलाच्या कानी पडत पडत येते.

इतिहासावरही या मंडळींचे ऋण आहे. हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅकवर्थ या सनदी अंमलदाराने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध केला. त्या पोवाड्यांचे वाहक मुख्यत्वे गोंधळीच होते. दप्तरखान्यात जे टिपले गेले नाही ते पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मुखी राहिले, आणि तेही राजदरबारी नव्हे, तर अशाच लहान बैठकींत.

उपजीविकेची बाजू मात्र कष्टाची आहे. अलुतेदारांच्या कित्येक याद्यांत गोंधळ्याचे नाव आढळते, म्हणजे गावाच्या उत्पन्नात त्याचाही काही हक्क मानलेला होता. ती व्यवस्था मोडली, आणि आज शासनदरबारी हा समाज भटक्या जमाती ब या वर्गात नोंदला आहे. चातुर्मासात लग्ने नाहीत, म्हणून त्या महिन्यांत नवरात्र तेवढे हाती लागते. तुळशीच्या लग्नानंतर तिथी लागल्या की एकाच रात्री दोनदोन घरची बोलावणी येतात आणि त्यांतले एक सोडावे लागते. 2020 साली साथीमुळे विवाहसमारंभास 50 माणसांची मर्यादा आली, तेव्हा वऱ्हाडाच्या यादीतून ज्यांना प्रथम वगळण्यात आले त्यांत संबळवाले होते. त्यातच 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई केली. नियम योग्यच आहे. परंतु रात्रभर चालणाऱ्या आख्यानाची जी कापाकापी झाली तिला नियमापेक्षा यजमानाची घाई अधिक जबाबदार आहे. पूर्वरंग अर्ध्या तासात, आख्यान वीस मिनिटांत, मग आरती आणि जेवण, असा करार पुष्कळ ठिकाणी होऊ लागला आहे, आणि उरलेली रात्र भाड्याच्या कर्ण्यांच्या भिंतीला दिली जाते.

रंगमंचाने या कलेला पुष्कळ दिले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान शहरी प्रेक्षकांपुढे आणले आणि 2010 मध्ये नागपूर येथे व्यासपीठावरच देह ठेवला. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत या कलांचे रीतसर शिक्षण मिळते. तथापि महोत्सवातील दहा मिनिटांत नाईकाला दिसतो तो प्रकाशझोतापलीकडचा काळोख, आणि त्या काळोखातल्या कोणाचेही कुलदैवत त्याला ठाऊक नसते. तेथे वेष टिकतो, ठेका टिकतो. आवाहन मात्र कोणासाठी करावयाचे हा प्रश्न उरतो. म्हणून, माझ्या मते, या कलेचे भवितव्य मोठ्या सभागृहांवर अवलंबून नसून वर्षाकाठी होणाऱ्या असंख्य घरगुती गोंधळांवर अवलंबून आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा कुळाचार आहे त्यांना एवढीच विनंती, की कार्य निघताच आपल्या भागातील संचाला बोलवावे, सुपारी देतानाच बिदागी मोकळेपणाने ठरवून इसार हाती ठेवावा, जाण्यायेण्याचा खर्च निराळा द्यावा आणि मंडळींना पाहुण्यांच्या पंक्तीतच जेवू घालावे. गोंधळ दिवेलागणीलाच उभा करावा, म्हणजे दहापूर्वी तीन तास आख्यानाला सहज मिळतात. अंगण लहान असेल तर ध्वनिवर्धक लावूच नये, आणि घरातल्या मुलांना पुढे, नाईकाच्या समोर बसवावे.