गोड्या पाण्यातील परजीवी डिंभांवर तापमानाचा परिणाम (शीत प्रदेश)

गोड्या पाण्यातील परजीवी डिंभ म्हणजे परजीवी कृमींच्या अशा अपक्व अवस्था, ज्या तळी, नद्या, ओढे व दलदली यांच्या पाण्यात काही काळ मुक्तपणे पोहतात किंवा एखाद्या जलचराच्या शरीरात वाढतात. बोलीभाषेत त्यांना अळ्या म्हणतात. स्वतःचे शरीर उबदार राखण्याची क्षमता त्यांच्यात नसते. अंडे उबण्याचा काळ, गोगलगायीच्या शरीरातील वाढ, पाण्यातील आयुष्य आणि नव्या पोषकात शिरण्याची ताकद या सर्व गोष्टी म्हणूनच पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतात. ज्या प्रदेशांत तळी वर्षातील कित्येक महिने गोठलेली असतात, तेथे या डिंभांना आपले बहुतेक कार्य अल्पकालीन उन्हाळ्यातच उरकावे लागते. माणसांचे आजार, मत्स्यपालन व पशुपालन यांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

जीवनचक्र

या लेखात प्रामुख्याने पर्णकृमींचा विचार केला आहे. प्रौढ पर्णकृमी पक्षी, गुरे, मेंढ्या यांसारख्या प्राण्यांच्या शरीरात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे पाण्यात पडतात. अंड्यातून मिरासिडियम नावाचा केसल डिंभ बाहेर येतो आणि विशिष्ट जातीच्या गोगलगायीच्या शरीरात शिरतो. तेथे अलैंगिक पद्धतीने त्याची संख्या वाढते, व एका मिरासिडियमपासून शेकडो, काही जातींत हजारो, सर्केरिया तयार होतात. सर्केरिया हा शेपटी असलेला पोहणारा डिंभ होय. तो पाण्यात उतरून पुढील पोषकाचा शोध घेतो. काही जातींत तो पाण्यातील वनस्पतींवर किंवा माशाच्या शरीरात कोष्ठ करून राहतो. या कोष्ठबद्ध अवस्थेस मेटासर्केरिया म्हणतात.

अंड्यांवरील परिणाम

मेंढ्या व गुरांच्या यकृतात राहणाऱ्या फॅसिओला हेपॅटिका या यकृतकृमीचा या दृष्टीने फार सखोल अभ्यास झाला आहे. उबदार पाण्यात त्याच्या अंड्यांतील गर्भाची वाढ सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होते. तापमान उतरत जाते तसा हा काळ लांबतो, आणि सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. वाढ थांबली म्हणजे अंडे मेले असे मात्र नव्हे. ओलावा टिकून असेल तर ते थंडीत सुप्त राहते व ऊब परतल्यावर त्याची वाढ पुन्हा सुरू होते. परिणामी हिवाळाभर साठलेली अंडी वसंत ऋतूत थोड्याच काळात एकदम उबतात.

गोगलगायीच्या शरीरातील वाढ

गोगलगाय हीसुद्धा शीतरक्ती असल्यामुळे तिच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. अनुकूल उबेत यकृतकृमीची गोगलगायीतील वाढ सहा ते सात आठवड्यांत पूर्ण होते. शरद ऋतूत संसर्ग झालेल्या गोगलगायीत ही वाढ थंडीमुळे अर्ध्यावर थांबते व पुढील वर्षी पूर्ण होते. तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी सुमारे ४ अंश तापमानाचे पाणी राहू शकते, कारण पाण्याची घनता याच तापमानाला सर्वाधिक असते. अशा पाण्यात गोगलगाय मंद हालचालीने हिवाळा काढते आणि तिच्यातील परजीवीही तिच्याबरोबर तगतो. उत्तर नॉर्वेतील टाकवाट्न या तळ्यात वर्षाचा बराच काळ बर्फ असतो, तरीही तेथे पर्णकृमींच्या अनेक जाती नांदत असल्याचे आढळले आहे.

सर्केरियांचे बाहेर पडणे

पाणी तापू लागले की गोगलगायीतून बाहेर पडणाऱ्या सर्केरियांची संख्या वाढते. शरीरक्रियांचा वेग साधारणतः दर १० अंशांच्या वाढीस दुप्पट ते तिप्पट होतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे रॉबर्ट पुलिन यांनी २००६ साली अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सर्केरियांच्या संख्येतील वाढ सरासरी आठपट आढळली. जातीजातींतील फरक मात्र फार मोठे होते. पुढील संशोधकांनी या निष्कर्षास काही मर्यादा दाखवून दिल्या आहेत. परजीवी व गोगलगाय स्थानिक तापमानाशी जुळवून घेतात आणि अनुकूल मर्यादेच्या आत तापमानाचा प्रभाव बराच सौम्य असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आयुष्य आणि संसर्गक्षमता

सर्केरिया पाण्यात अन्न घेत नाही. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनवरच तो जगतो. ऊब वाढली की तो अधिक वेगाने पोहतो, पण ही शिदोरीही लवकर संपते. उबदार पाण्यात त्याचे आयुष्य काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत असते. थंड पाण्यात तो अधिक काळ जगतो, परंतु त्याची हालचाल व पोषकाच्या त्वचेत शिरण्याची क्षमता मंदावते. म्हणजेच तापमानाचे परिणाम परस्परविरोधी असतात. उबेत डिंभ अधिक निघतात व अधिक चपळ असतात, पण लवकर मरतात. थंडीत थोडे निघतात, पण अधिक टिकतात. दोहोंच्या मधल्या एखाद्या तापमानाला संसर्गाची शक्यता सर्वाधिक असते. फार तापलेल्या पाण्यात संसर्गित गोगलगायीच मरू लागतात, व मग डिंभांचा उगमच आटतो.

काही उदाहरणे

पोहणाऱ्यांची खाज : बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या शरीरातील ट्रायकोबिलहार्झिया या रक्तकृमींचे सर्केरिया चुकून माणसाच्या त्वचेत शिरतात. तेथे ते मरतात, पण त्वचेवर पुरळ उठते व तीव्र खाज सुटते. या विकाराचे कारण विल्यम कॉर्ट यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात दाखवून दिले. तेथे व उत्तर युरोपात हा विकार मुख्यतः उन्हाळ्यात होतो, कारण डिंभांची संख्या आणि पाण्यात उतरणाऱ्या माणसांची संख्या एकाच वेळी वाढते. आइसलँडमध्ये तो १९९० च्या दशकात प्रथम ओळखला गेला. तेथील लांडमानालौगार या डोंगराळ भागात भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या पाण्यात स्नान करणाऱ्यांनाही त्याचा उपद्रव झाला आहे.

यकृतकृमी : १८७९-८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये या कृमीमुळे सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्याचे सांगितले जाते. त्यानंतर काही वर्षांतच रुडॉल्फ लॉयकार्ट व ए. पी. थॉमस यांनी स्वतंत्रपणे त्याचे जीवनचक्र उलगडले. १९५९ मध्ये ऑलरेनशॉ व रोलंड्स यांनी अँगलसी बेटासाठी हवामानाच्या नोंदींवरून या रोगाचा आगाऊ अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. त्यामुळे मेंढपाळांना कळप ओलसर कुरणांतून वेळीच हलवणे व औषध देणे शक्य झाले.

माशांतील पट्टकृमी : बाल्टिक समुद्राभोवतालचे देश, रशिया व उत्तर अमेरिका यांच्या थंड तळ्यांत डायबोथ्रिओसेफॅलस लॅटस हा पट्टकृमी आढळतो. त्याचा डिंभ प्रथम सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या पोटात व नंतर माशाच्या मांसात जातो. बर्फाखालच्या पाण्याचे तापमान शून्याखाली जात नसल्यामुळे जिवंत माशातील डिंभ हिवाळ्यात मरत नाही. मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवल्यास किंवा पूर्ण शिजवल्यास मात्र तो नष्ट होतो. कच्चा मासा खाण्याची पद्धत असलेल्या प्रदेशांत हा नियम आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

हवामान बदल

उत्तर ध्रुवाजवळील प्रदेश जागतिक सरासरीपेक्षा अधिक वेगाने तापत आहेत. तळी उशिरा गोठू लागली व लवकर वितळू लागली की डिंभांना मिळणारा उबदार काळ लांबतो. ज्या कृमीचे चक्र पूर्वी दोन उन्हाळ्यांत पूर्ण होत असे, ते एका उन्हाळ्यात पूर्ण होण्याची शक्यता त्यामुळे निर्माण होते. तरीही तापमान वाढले म्हणजे रोग वाढलाच, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. गोगलगायी, मासे व स्थलांतरित पक्षी यांपैकी एकाचे वेळापत्रक बदलले तरी साखळी तुटू शकते.

भारतातील संदर्भ

उष्ण प्रदेशांत थंडीपेक्षा पावसाचे प्रमाण व पाणवठे आटणे यांचा डिंभांवर अधिक प्रभाव पडतो. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मानवी रक्तकृमींचा संसर्ग १९५२ मध्ये नोंदवला गेला. त्याच्या डिंभांचा प्रसारही गोड्या पाण्यातील गोगलगायींमार्फत होतो. नारू या रोगाचा डिंभ सायक्लॉप्समध्ये वाढत असे. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे अशा उपायांमुळे भारत २००० मध्ये नारूमुक्त घोषित झाला. डिंभ कोणत्या ऋतूत व कोणत्या जलचरात असतो हे कळले, की साध्या उपायांनीही त्याची वाट अडवता येते, हे या उदाहरणावरून दिसते.