उबवणी पेटी : 21 दिवसांची राखण



आपल्या बालाघाट जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरी चार-पाच कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, औषधपाणी होते. कोंबडी खुडूक बसली की अंडी देणे थांबते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. आपल्याच राज्यातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती खुडूक फारशी बसत नाही. म्हणून आता काही घरांत उबवणी पेटी आली आहे. मात्र 30 अंडी घालून चारच पिल्ले निघाली, तर तितक्या अंड्यांचे पैसे बुडाले. बहुतेक वेळा दोष पेटीचा नसतो, राखणीचा असतो.

अंडी निवडताना : आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा. मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी घ्यावीत. ती धुऊ नयेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत व सात दिवसांच्या आत पेटीत लावावीत.

ऊब : पंख्याच्या पेटीत 99.5 ते 100 अंश फॅरनहाइट, बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीवर 101 ते 102 अंश ऊब हवी. अंडी लावण्यापूर्वी पेटी एक दिवस चालवून पाहावी. पेटीचे थर्मामीटर खरे आहे का, हे तापाच्या थर्मामीटरने पडताळता येते. दोन्ही कोमट पाण्यात एकत्र धरावीत. एका अंशाचा फरकही महाग पडतो. घरी पेटी बनवणाऱ्यांनी जुना तारेचा बल्ब लावावा, एलईडी बल्बने पुरेशी ऊब मिळत नाही.

वीज गेली तर घाबरू नये. झाकण उघडू नये, पेटीवर गोधडी घालावी, हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत. बराच वेळ वीज आली नाही तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. कोंबडीही चारा टिपायला उठतेच. थोडा वेळ गारवा अंडे सोसते. जास्त उष्णता मात्र सोसत नाही. म्हणूनच मे महिन्यात अंडी लावू नयेत. खोलीच 105 अंशांवर गेली, तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करील, पण पेटी थंड करू शकणार नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम.

ओलावा व फिरवणे : पहिले 18 दिवस ओलावा 50 ते 55 टक्के असावा. त्यासाठी पेटीत पाण्याची ताटली ठेवावी. पावसाळ्यात पाणी कमी लागते. अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटावे. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीसमोर अंडे धरावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत, नाहीतर सडून इतरांना बाधतात.

शेवटचे तीन दिवस : अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवू नयेत. ओलावा 65 ते 70 टक्के करावा व झाकण बंद ठेवावे. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. टोचा मारल्यावर पिल्लू बाहेर येण्यास 12 ते 24 तास लागू शकतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात घेते व कवचाच्या शिरांतले रक्त ओढून घेते. दया येऊन कवच सोलले तर रक्त वाहून पिल्लू मरते. याच बलकावर ते पहिला दिवसभर अन्नावाचून राहू शकते. पंख सुकल्यावरच पिल्ले बाहेर काढावीत.

पुढची काळजी : पेटीतल्या पिल्लांना आई नाही, हे विसरू नये. पहिला आठवडा 95 अंश ऊब द्यावी व दर आठवड्याला पाच अंशांनी कमी करावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर गारठली आहेत. दूर पळून चोच उघडून धापा टाकू लागली तर तापली आहेत. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच चौकशी करावी.

आपल्या आरोग्यासाठी : पेटी वा पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत. त्यांच्या विष्ठेतील जंतूंनी जुलाब व ताप होतो. पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये. प्रत्येक खेपेनंतर धुऊन उन्हात वाळवावी.

दहा-बारा पिल्लेच हवी असतील आणि घरी खुडूक कोंबडी असेल, तर तिच्यासारखी पेटी नाही. प्रभू येशूने आपल्या मायेला तिच्याच पंखांची उपमा दिली आहे. जास्त पिल्ले हवी असतील तर पेटी जरूर घ्यावी, पण पहिल्या खेपेस दहाच अंडी लावावीत. हात बसला की पुढे वाढवावे.