रक्तातलं लेप्टिन एमएस ओळखेल का?

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती रक्तात हार्मोन्सही सोडते. त्यातलंच एक लेप्टिन. त्याचं जनुक 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला सापडलं. लेप्टिन भूक आवरतं, पण रोगप्रतिकारक पेशींनाही चेतवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, अशाच पेशी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करतात. काही अभ्यासांत रुग्णांच्या रक्तात लेप्टिन जास्त दिसलं. मग रक्ताच्या टेस्टवर एमएस कळेल? अडचण अशी, की अंगावर चरबी वाढली तरी लेप्टिन वाढतं आणि बायकांमध्ये ते मुळातच जास्त असतं. वाढलेला आकडा नेमका कशामुळे, हे कसं ठरवणार? म्हणून मी सांगेन, एका डोळ्याला अचानक धूसर दिसलं किंवा हातपाय बधिर झाले, तर लेप्टिनची टेस्ट शोधत बसू नका. न्यूरोलॉजिस्टना गाठा. एमआरआय लागेल का, ते ठरवतील.