उतारा आधी ओसरतो

एंडोस्कोपीसाठी मिडॅझोलामचे इंजेक्शन दिलेला रुग्ण कधी कधी वेळेवर जागा होत नाही, त्याचा श्वास मंदावतो. अशा वेळी शिरेतून ०.२ मिलिग्रॅम फ्लुमाझेनिल दिले, की बहुधा एक-दोन मिनिटांत परिणाम दिसू लागतो. गरजेनुसार मात्रा थोडी थोडी वाढवतात.

हे घडते कसे? मेंदूतील ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना शांत करते. डायझेपाम, अल्प्राझोलामसारखी बेन्झोडायझेपिन औषधे गाबाच्या ग्राहीवर आपल्या ठरावीक जागी बसून हा परिणाम वाढवतात. १९८७ मध्ये वापरात आलेले फ्लुमाझेनिल तीच जागा अडवते. मूळ औषध मात्र शरीरातच राहते.

धोका इथेच आहे. फ्लुमाझेनिलचे अर्धायुष्य सुमारे एक तास, तर डायझेपामचे एक दिवस किंवा अधिक. जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून त्याच्यावर काही तास लक्ष ठेवावे लागते. वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्याला या उताऱ्याने एकाएकी झटके येऊ शकतात. सोबत ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यावरील गोळ्या पोटात गेल्या असतील, तरीही तोच धोका. दारू किंवा अफूजन्य औषधांची गुंगी तर याने उतरतच नाही.

म्हणूनच गोळ्यांच्या अतिसेवनात डॉक्टर आधी श्वास सांभाळतात. अनेकदा हा उतारा हाती असूनही देत नाहीत. नातेवाइकांनी रिकाम्या स्ट्रिप्स सोबत न्याव्यात आणि गोळ्यांची सवय किती जुनी आहे, हे संकोच न करता सांगावे. डॉक्टरांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.